वीतभर फरक

१

पुलाचा शेवटचा तुकडा त्या सकाळी बसायचा होता आणि ते पाहायला दोन्ही काठांवर अख्खं शहर लोटलं होतं. शहर म्हणायची सवय अजून कुणाला नीट लागली नव्हती. परवापरवापर्यंत एक कॉलेज, त्याच्याभोवती चार गल्ल्या, खोल्या भाड्याने देणारी घरं आणि पुस्तकांची दुकानं, एवढाच काय तो पसारा. मग कॉलेजात नवे विभाग आले, विभागांना प्रयोगशाळा हव्या झाल्या, प्रयोगशाळांतल्या माणसांना घरं हवी झाली आणि बघता बघता गावाने नदीपलीकडे पाय पसरले. पलीकडे आता काचेच्या इमारती होत्या, वसतिगृहं होती आणि त्या सगळ्यांच्या वर माना काढून उभ्या असलेल्या क्रेन होत्या. शहर वाढतं म्हणजे काय हे ज्याला डोळ्यांनी पाहायचं असेल त्याने या काठावर येऊन उभं राहावं.

भाची रोज उभी राहायची. तिला सगळं शहर फौजदारमावशींची भाची म्हणून ओळखत होतं, तेव्हा आपणही भाचीच म्हणू. ती मोजणीदार होती. कॉलेजच्या काठाकडून निघालेल्या अर्ध्या पुलाच्या उंचीच्या खुणा तिने दिल्या होत्या. कुठल्या खांबाचं डोकं कुठे थांबवायचं हे ती यंत्रातून बघून सांगायची आणि ठेकेदार काँक्रीट तिथे थांबवायचा. आपण बोट दाखवावं आणि तिथे येऊन एवढा मोठा पूल थांबावा, याचं तिला अजूनही नवल वाटायचं.

क्रेनने तुकडा अलगद खाली आणला. ठेकेदार पुलाच्या टोकावर ओणवा होऊन बघत होता. त्याने एकदम हात वर केला आणि क्रेन थांबली. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला, मग उठून त्याने कपाळाचा घाम पुसला. वाजंत्री वाजवायला आलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली.

तुकडा पलीकडच्या टोकाला बरोबर टेकत होता. अलीकडचं टोक मात्र वीतभर वर होतं. नदीच्या मधोमध दोन अर्धे पूल समोरासमोर आले होते आणि एकमेकांना भेटत नव्हते.

मोठे साहेब, म्हणजे पुलाचे मुख्य अभियंते, टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. ते आरडाओरडा करणारे नव्हते, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"या बाजूची उंची कुणी दिली?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी भाचीकडे पाहिलं.

"तुमचं यंत्र ऑफिसात जमा करा," साहेब म्हणाले. "परवानाही द्या इकडे. उद्या दुपारी चौकशी ठेवतो. चूक कुठे झाली ते तोवर सांगितलंत तर ठीक, नाहीतर हा परवाना तुम्हाला परत मिळायचा नाही."

भाचीने परवाना काढून दिला. साहेबांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

२

फौजदारमावशी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नावातली फौजदारकी गेली नव्हती आणि स्वभावातली तर मुळीच नाही. भाची घरात शिरली तेव्हा त्या गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या.

"रडून झालं असेल तर बस," मावशी म्हणाल्या. "झालं नसेल तर आधी रडून घे. मध्ये मध्ये रडलीस की माझा धागा तुटतो."

"मी रडत नाहीये."

"मग उत्तमच. आता मी बालवाडीत आहे असं समजून मला सांग. उंची मोजता म्हणजे कुठून मोजता?"

भाचीने सांगितलं. दोन्ही काठांवर एकेक खुणेचा दगड होता. पूर्वीच्या लोकांनी नदी ओलांडून दोन्ही दगडांच्या उंचीचा एकदाच मेळ घातला होता आणि त्या उंच्या कायमच्या ठरून गेल्या होत्या. अलीकडे काहीही बांधायचं झालं, मग ते वसतिगृह असो की गटार, सुरुवात कॉलेजच्या दगडापासून व्हायची. पलीकडे पंपघराच्या दगडापासून. दगडावर पट्टी उभी धरायची, यंत्रातून वाचायचं, पुढे सरकायचं, काम झालं की उलट मोजत परत त्याच दगडावर यायचं. निघतानाचा आकडा आणि परत आल्यावरचा आकडा जुळला की मोजणी बरोबर.

"तुझा जुळला होता?"

"प्रत्येक वेळी. केसाचाही फरक नव्हता. म्हणून तर डोकं फुटायची पाळी आलीय, मावशी. माझी मोजणी चुकलेलीच नाही."

"असं प्रत्येक चोर म्हणतो," मावशी उठत म्हणाल्या. "पण चोर एवढा गोंधळलेला दिसत नाही. चल, तुझा तो दगड दाखव."

दगड कॉलेजच्या सगळ्यात जुन्या इमारतीसमोर होता. इमारतीच्या भिंतीपासून थोडं अंतर सोडून एक ऐसपैस दगडी ओटा आणि ओट्याच्या मधून वर गेलेलं झाड. झाडाचं शास्त्रीय नाव पाटीवर होतं, पण ते उच्चारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. झाड म्हटलं की हेच. त्याच्याखाली आलं की माणसं आपोआप हळू बोलायला लागायची. भाचीनेही आवाज खाली आणला. फांद्या इतक्या वर होत्या की तिथला वारा खालच्या माणसाला लागत नव्हता, फक्त ऐकू येत होता.

मावशींचं लक्ष पायऱ्यांकडे होतं. ओट्यावर जायला तीन पायऱ्या, त्यांच्या बाजूने इमारतीची भिंत पुढे आलेली आणि त्या भिंतीत आधाराला लोखंडी कठडा.

"हा कठडा काय बुटक्यांसाठी बसवलाय?" कठडा धरायला त्यांना वाकावं लागलं. "धरायला गेलं तर कंबर मोडते. आणि ही खालची पायरी बघ. वरच्या दोन पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात आणि हिच्या कडा अजून कोऱ्या."

"मावशी, दगड इकडे आहे."

"आले गं. म्हातारीला कुरकुरायला तरी वेळ दे."

खुणेचा दगड ओट्याच्या फरशीत बसवलेला होता. माथ्यावर छिन्नीने कोरलेली खूण. भाचीने तो शेकडो वेळा पाहिला होता, म्हणजे त्याच्यावर पट्टी ठेवली होती. त्याच्याभोवती कधी पाहिलं नव्हतं.

मावशींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, भाचीच्या खांद्यावर भार देऊन बसल्या आणि दगडाच्या आसपासच्या फरशीवरून बोट फिरवलं. एका सांध्यात भरलेलं सिमेंट अजून पांढुरकं होतं. बाकी सगळी फरशी काळवंडलेली.

"हे ताजं आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या दगडाजवळ कुणाचातरी हात फिरलाय."

३

ठेकेदार पुलाच्या टोकाशीच भेटला. लढाई हरलेल्या सरदाराने किल्ल्यावर बसून राहावं तसा तो सिमेंटच्या पोत्यांवर बसला होता. मावशींनी त्याला त्याच्या घरचं विचारलं, मुलगा काय करतो ते विचारलं, झोप लागते का विचारलं. पुलाचं नावही काढलं नाही. हा त्यांचा जुना खाक्या होता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस आपणहून द्यायला लागतो.

"मला सांगा, मी का करीन?" ठेकेदार शेवटी म्हणाला. "या पुलावर माझी पाटी लागणार होती. बायको नातेवाइकांना घेऊन आली होती सकाळी. बाईंनी खूण दिली तिथे मी थांबलो. त्यांनी सांगितलं असतं ढगात थांब, तर ढगात थांबलो असतो."

"कॉलेजात ओट्याचं काही काम केलंत का हल्ली?"

"तिथे मला कोण विचारतंय? तिथली डागडुजी ते त्यांची त्यांची करतात. झाडाच्या आसपास आम्हाला फिरकू देत नाहीत. एकदा आमचा ट्रक नुसता वळला तिथे, तर केवढं रामायण झालं."

"कुणी केलं रामायण?"

"झाडसरांनी. दुसरं कोण करणार?"

पंपकाका पलीकडच्या काठावरचे मोजणीदार होते. सगळी हयात पंपघरात गेलेली, म्हणून हे नाव. नवी मोजणी करणारी मुलं आपल्याला विचारत नाहीत हा त्यांचा जुना सल होता आणि भाचीला तो माहीत होता. बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की कॉलेजच्या दगडावर माझा भरवसा नाही, सगळा पूल माझ्या बाजूने मोजा. तेव्हा सगळे हसले होते. भाचीही हसली होती.

"काका, भरवसा का नव्हता?" तिने विचारलं.

"कारण काही नाही. हट्ट," काका म्हणाले. ते तिच्याकडे न बघता यंत्राचं भिंग पुसत होते. "माझा दगड बघ. दगड कसला, जिता खडकच आहे. नदीच्या तळातून वर आलेला. त्याच्यावरच खूण कोरलीय. तो हलायचा तर नदीला हलावं लागेल. तुमचा बसवलेला. बसवलेल्या गोष्टीवर माझा जीव बसत नाही."

"मागच्या आठवड्यात तुम्ही ओट्यावर होतात असं पहारेकरी सांगत होता," मावशी म्हणाल्या. पहारेकऱ्याशी त्या कधी बोलल्या हे भाचीला कळलंच नाही.

काकांचा हात थांबला.

"होतो. जेवायला जातो कधी कधी. घरी कुणी नाही, इथे पंपांचा आवाज. त्या झाडाखाली बसलं की बरं वाटतं." मग भिंग पुन्हा पुसत म्हणाले, "तुम्हाला वाटतंय मी दगड उचलला. पोरीची फजिती व्हावी म्हणून. मला तिचा राग आला होता, हे खरं आहे. पण माझाच अर्धा पूल लटकत ठेवून मी तिची फजिती कशाला करीन?"

परत येताना होडीत भाचीला काकांची दया येत होती आणि संशयही येत होता, आणि दोन्ही एकदम येत असल्याने तिला स्वतःचाच राग येत होता.

"खरं बोलत होते ना?" तिने विचारलं.

"बोलत होते," मावशी म्हणाल्या. "अडचण तीच आहे. दोघंही खरं बोलतायत. आता खोटं बोलणारा शोधायला हवा."

४

झाडसर वनस्पतिशास्त्राचे प्रमुख होते. त्यांची खोली जुन्या इमारतीत, खिडकीतून झाडाचा बुंधा दिसे अशी. खोलीत जाण्याआधी एक लांबलचक ओसरी होती आणि तिच्या भिंतीवर कॉलेजच्या प्रत्येक वर्षाच्या मुलांचे फोटो टांगले होते. कॉलेजचा रिवाज होता, की शेवटच्या वर्षाचा फोटो झाडाच्या ओट्यावरच काढायचा. मुलं ओट्यावर उभी, मागे जुन्या इमारतीची मोठी खिडकी.

भाची थांबली. एवढे चेहरे एका भिंतीवर तिने कधी नीट पाहिले नव्हते. त्यातले कितीतरी आता शहरात डॉक्टर, मास्तर, दुकानदार होते. या भिंतीवरूनच ते सगळं शहर बाहेर पडलं होतं.

"बघा बघा," शिपाई अभिमानाने म्हणाला. "मुलं दरवर्षी उंच होत चाललीत. जुन्या फोटोत खिडकीची खालची चौकट डोक्यांच्या वर आहे, आता हनुवटीशी आली. प्राचार्य दरवर्षी भाषणात सांगतात. चांगलं खाणंपिणं, दुसरं काय."

झाडसर बारीक, पांढऱ्या केसांचे, बोलायला लागले की डोळ्यांत चमक येणारे. मावशींनी झाडाचा विषय काढला आणि खुर्चीत टेकून बसल्या. सर बोलत राहिले. पानं कशी येतात, फांद्या सावलीत आपली दिशा कशी बदलतात, खोडाच्या भेगांत किती जातींचे किडे राहतात. माणूस प्रेमात असला की वय कसं कळत नाही, हे भाची बघत होती. ऐकताना ती पूल विसरली. केवढं काय काय त्या एका झाडात चाललं होतं, आणि ती त्याच्याखाली पट्टी धरून उभी राहायची.

"ओट्यात कधी काही बदल केला?" मावशींनी सहज विचारलं.

"छे. मी इथे विद्यार्थी होतो तेव्हा जसा होता तसाच आहे. एक फरशीसुद्धा हललेली नाही." सर हसले. "त्या फोटोंत मी सगळीकडे आहे, पाहिलंत ना? आधी विद्यार्थी, मग शिक्षक. मागच्या रांगेत डावीकडचं टोक. ती माझी जागा. ती मी कुणाला देत नाही."

मावशींनी त्यांचे आभार मानले. बाहेर ओसरीत आल्यावर त्यांनी भाचीचा दंड धरला.

"काय ऐकलंस?"

"पानं, फांद्या, किडे, पाखरं."

"आणि काय ऐकलं नाहीस?"

भाची मागे वळून सरांच्या दाराकडे बघायला लागली.

"माझ्या नोकरीत एक नवरा होता," मावशी म्हणाल्या. "सासू, सासरा, दीर, शेजारी, सगळ्यांबद्दल तासभर बोलला. बायकोचं नावच घेतलं नाही. तेव्हाच मी ओळखलं. हा गृहस्थ झाडाबद्दल एवढं बोलला आणि मुळांबद्दल एक अक्षर नाही. झाड शिकवणारा माणूस मुळं विसरतो का?"

५

त्या पुन्हा ओट्यावर गेल्या. मावशींनी रुमाल पसरला आणि सरळ फरशीवर बसकण मारली. येणारी जाणारी मुलं बघत होती, पण फौजदारमावशींना लाज वाटल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"दगड कुणी उचलला असता तर काय झालं असतं?" त्यांनी विचारलं.

"भोवतीची फरशी फुटली असती. सांधा उघडा पडला असता."

"हा सांधा बघ."

दगड आणि फरशी यांच्यामधल्या सांध्यात शेवाळ होतं. जुनं, जाड, गालिच्यासारखं. दगडावरून फरशीवर एकसंध गेलेलं. कुठेही तुटलेलं नाही. ताजं सिमेंट होतं ते दगडाच्या कडेला नव्हतंच. ते दुसऱ्याच भेगेत भरलं होतं आणि ती भेग दगडाच्या शेजारून जात होती. भाचीने ती कुठून येते ते बघत मान वळवली. भेग वाकडीतिकडी होत बुंध्याकडे गेली होती. तिच्यात जुनं सिमेंटही होतं, थरावर थर, प्रत्येक थर वेगळ्या काळाचा.

"दगड फरशीतून कुणी काढलेला नाही," भाची हळू म्हणाली. "दगड आणि फरशी एकत्रच आहेत."

"म्हणजे वर गेली असतील तर एकत्र गेली. आता एवढा ओटा, त्याच्यावरच्या दगडासकट, शेवाळाला धक्का न लावता उचलायला कोण पाहिजे? तुमची क्रेनसुद्धा नाही उचलणार." मावशींनी फरशीवर तळहात टेकवला. "हे माणसाचं काम नाही."

वर बघायची भाचीला भीतीच वाटली. मग एकदम ती उठली आणि ओसरीकडे पळत सुटली.

मावशी लंगडत मागोमाग आल्या तेव्हा ती फोटोंच्या भिंतीसमोर एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे चालत होती. प्रत्येक फोटोत तिचं बोट मागच्या रांगेतल्या डावीकडच्या टोकाला जात होतं.

"मावशी, मुलं नका बघू. मुलं दरवर्षी नवी असतात, उंच असतील, बुटकी असतील. या एका माणसाकडे बघा. इथे सर तरुण शिक्षक आहेत. चौकट त्यांच्या डोक्याच्या वर. इथे केस पिकायला लागलेत, चौकट कपाळाशी. इथे डोळ्यांशी. आणि हा मागच्या वर्षीचा. हनुवटीशी."

मावशी फोटोजवळ गेल्या.

"पोरं वाढतील एखाद वेळी," भाची म्हणाली. "पण म्हातारा होत जाणारा माणूस कुठे उंच होतो? सर वाढलेले नाहीत. त्यांच्या पायाखालचा ओटा वर आलाय. म्हणून तुमचा हात कठड्याला पोचत नाही. कठडा भिंतीत आहे, तो जागचा हलला नाही. पायऱ्या ओट्याबरोबर वर गेल्या, म्हणून खाली एक नवी घालावी लागली."

शेकडो वेळा त्या दगडावर तिने पट्टी ठेवली होती. दर वेळी निघाली तिथेच परत आली होती आणि दर वेळी आकडा जुळला होता. जुळणारच. ज्या दगडावरून निघायचं त्याच दगडावर परत आलं तर तो वर गेलाय की खाली, हे मोजणीत कसं कळणार? तिच्याआधीच्या सगळ्यांनी हेच केलं होतं आणि अलीकडची सगळी वसतिगृहं, सगळे रस्ते त्या वाढत्या दगडावरून मोजले गेले होते. लागोपाठ बांधलेल्या दोन इमारतींमध्ये फरक एवढा थोडा होता, की कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. नदीपलीकडच्या खडकाशी गाठ पडली तेव्हाच तो उघडा पडला.

"हे उद्या साहेबांना सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील," ती म्हणाली.

"काढतील," मावशी म्हणाल्या. "फोटो दाखवून पूल जुळत नाही. त्यांना आकडा लागेल. तुझ्याकडे यंत्र आहे?"

यंत्र साहेबांच्या ऑफिसात होतं. शहरात तसं दुसरं एकच यंत्र होतं, आणि ते ज्याच्याकडे होतं त्या माणसावर तिने आज दुपारीच दगड हलवल्याचा संशय घेतला होता.

६

पंपकाकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी यंत्राची पेटी उचलून तिच्यासमोर ठेवली.

"पट्टी मी धरतो," ते म्हणाले. "बैठकीत हसली होतीस, ते आठवतंय मला. पण हे मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या सगळ्यांना भाचीने खोलीत बसू दिलं नाही. मोठे साहेब, ठेकेदार, मावशींनी बोलावून आणलेले झाडसर, सगळे पंपघराच्या खडकापाशी जमले. तिने पहिली उंची त्या खडकावरून घेतली. मग पलीकडच्या अर्ध्या पुलावरून चालत, मोजत, फटीपर्यंत. फटीपलीकडे ठेकेदाराच्या माणसाने पट्टी धरली. मग सगळे होडीने अलीकडे आले आणि त्या पट्टीपासून पुढे अलीकडच्या अर्ध्या पुलावरून काठ, काठावरून रस्ता, रस्त्यावरून कॉलेजचं फाटक. काका पट्टी घेऊन पुढे, ती यंत्र घेऊन मागे, आणि त्यांच्या मागे हळूहळू वाढत गेलेली गर्दी. पूर्वीच्या लोकांनंतर पहिल्यांदाच कुणीतरी एका दगडावरून निघून दुसऱ्या दगडावर पोचत होतं.

झाडाखाली आल्यावर काकांनी खुणेच्या दगडावर पट्टी उभी केली. भाचीने यंत्रातून पाहिलं, गणित केलं आणि बाजूला झाली.

"साहेब, तुम्हीच वाचा."

साहेबांनी डोळा लावला. बराच वेळ ते वाकलेले राहिले. मग त्यांनी स्वतः आकडेमोड केली, पुन्हा केली.

"हा दगड वर आहे," ते म्हणाले. "पुलात जेवढा फरक आहे तेवढाच. अगदी तेवढाच."

"पूल चुकला नाही, साहेब. ज्याच्यावरून मोजला तेच वाढलंय. खाली मूळ आहे. ते जाड होत गेलं आणि ओट्याला उचलत गेलं. रोज उचलतंय, आत्ताही. आपण सगळे त्याच्यावर उभे आहोत."

माणसं नकळत पायांकडे बघायला लागली. ठेकेदाराने एक पाय उचलला आणि परत ठेवला. सगळी हयात काँक्रीट ओतणाऱ्या त्या माणसाने वर झाडाकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"पण मोजणीत चूक माझीही आहे," भाची म्हणाली. "मी दर वेळी याच दगडावर परत आले. पलीकडच्या खडकाशी ताडून बघायला हवं होतं. काका म्हणत होते. मी ऐकलं नाही."

गर्दीतून झाडसर पुढे आले. मावशींनी त्यांच्यासाठी वाट करून दिली, जणू त्या त्यांचीच वाट बघत होत्या.

"मला माहीत होतं," सर म्हणाले. "सिमेंट मी भरत होतो, दर सुट्टीत. पायरीही मीच घालून घेतली. फरशी उचकटतेय हे डागडुजीवाल्यांना कळलं असतं तर त्यांनी मूळ तोडलं असतं, आणि ते मूळ गेलं की झाड आडवं होणार. त्या दगडावरून शहर मोजतात हे मला ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगतो. मला वाटायचं कॉलेजच्या पायाभरणीचा असेल. काल मी तुमच्याशी खोटं बोललो. या मुलीचा परवाना जातोय हे कळूनसुद्धा रात्रभर गप्प राहिलो. त्याची मला लाज वाटते." त्यांनी बुंध्यावर हात ठेवला. "काय शिक्षा असेल ती मला करा. याला नको."

साहेब ठेकेदाराकडे वळले.

"पुलाचं काय करता येईल?"

"पलीकडच्या शेवटच्या खांबांमधल्या गाळ्यांना थोडा थोडा चढ देतो," ठेकेदार म्हणाला. त्याची नजर अजून वरच होती. "गाडीत बसलेल्याला कळणारसुद्धा नाही. पाडायची काही गरज नाही. पूलही नाही आणि... म्हणजे काहीच नाही."

"आणि हा दगड? हा इथून काढून पक्क्या जागी बसवावा लागेल."

"काढू नका," भाची म्हणाली. आपण साहेबांना अडवतोय हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, पण मग ती थांबली नाही. "शहर पंपघराच्या खडकावरून मोजू. दोन्ही काठ. हा इथेच राहू द्या. याच्यावरून काही मोजायचं नाही, यालाच मोजायचं. दरवर्षी खडकापासून निघून इथवर यायचं आणि हा किती वर आलाय ते बघायचं. ओटा कुठे सुटा होतोय तेही कळेल, मूळ न तोडता आधार देता येईल. कुणाला सिमेंट लपवून भरावं लागणार नाही."

साहेब खाली बसले. भरल्या गर्दीत, इस्त्रीच्या कपड्यांत ते फरशीवर बसले आणि दगडाशेजारी तळहात टेकवून राहिले, नाडी बघावी तसे. काही जाणवत नव्हतं, जाणवण्यासारखं नव्हतंच. तरी त्यांनी हात काढला नाही.

"पुढच्या वर्षी हा किती वर असेल?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही, साहेब. येऊन मोजावं लागेल."

साहेबांनी खिशाचं बटण काढलं आणि तिचा परवाना बाहेर काढला.

"मग या," ते म्हणाले. "मीही येईन."